माझा अनुभव : बिलावरचं वीजमीटर आपलंच आहे का?

नव्या शहरात घर लागलं की वीज, पाणी, गॅस आणि इंटरनेट या चार गोष्टी मागे लागतात. त्यातल्या तीन गोष्टी चार दिवसांत उरकल्या. वीज नावावर व्हायला मात्र सात आठवडे गेले, आणि त्यातले निदान पाच निव्वळ वाया गेले याचा राग अजून गेलेला नाही. घरात वीज पहिल्या दिवसापासून होती. घोळ होता मीटरचा. माझ्या घराच्या बिलावर शेजारच्या घराच्या मीटरचा क्रमांक छापलेला होता आणि त्यांच्या बिलावर माझ्या. याला मीटरची अदलाबदल म्हणतात. इमारतीतली सगळी मीटरं एकदम बदलली जातात तेव्हा बाहेर जाणाऱ्या वायरी उलटसुलट लागतात, किंवा नोंद करताना दोन क्रमांक आडवेतिडवे लिहिले जातात. दोन्ही घरांचा वापर साधारण सारखा असेल तर वर्षानुवर्षं कुणाला पत्ता लागत नाही.

म्हणून नाव बदलण्याचा अर्ज भरण्याआधी तीन गोष्टी जुळतात का ते पाहा : बिलावरचा मीटर क्रमांक, इमारतीतली सगळी मीटरं लावलेल्या पॅनेलवर रंगवलेला घराचा क्रमांक, आणि आपल्या घराला खरोखर वीज देणारं मीटर. पहिल्या दोन नुसत्या वाचून कळतात. तिसरी तपासावी लागते, आणि ती कुणीही तुमच्यासाठी तपासत नाही.

तपासणी सोपी आहे. मीटरवर एक लहान लाल दिवा लुकलुकत असतो. त्याच्याजवळ ‘३२०० इम्पल्स प्रति किलोवॅट-तास’ असं काहीतरी छापलेलं असतं. कुठे १६०० असतं, कुठे १०००. ३२०० म्हणजे एक युनिट वीज वापरली की दिवा ३२०० वेळा लुकलुकतो. एकाला घरात थांबवा, दुसऱ्याने फोन चालू ठेवून मीटरपाशी उभं राहायचं. घरातला मेन स्विच बंद केला की लुकलुक थांबली पाहिजे (काही मीटरांवर दिवा स्थिर पेटून राहतो, त्याचाही अर्थ वापर नाही असाच). पण एवढ्यावर विश्वास ठेवू नका. नेमक्या त्याच क्षणी शेजारचा फ्रिज थांबला असेल, तर त्यांचं मीटरही मंदावतं आणि आपण फसतो. मेन चालू, बंद, पुन्हा चालू असं निदान तीनदा करा.

मग पक्का पुरावा घ्या. घरातलं बाकी सगळं बंद करून फक्त १५०० वॅटची पाण्याची विजेची किटली लावा. ३२०० च्या मीटरवर एका मिनिटात ८० लुकलुकी मोजल्या गेल्या पाहिजेत. दीड लिटर पाणी उकळायला पाचेक मिनिटं लागतात, म्हणजे दोन-तीनदा मोजायला वेळ मिळतो. आकडा ६५ च्या आसपास आला तर घाबरू नका, व्होल्टेज कमी असेल. किटलीवर २३० व्होल्ट लिहिलं असेल आणि प्रत्यक्षात २०७ मिळत असतील, तर शक्ती जवळपास एक पंचमांशाने घटते. इस्त्री यासाठी वापरू नका, तिचा थर्मोस्टॅट मधेच बंद होतो आणि मोजणी बिघडते. इन्व्हर्टर असेल तर त्याचं इनपुटही आधी बंद करा, नाहीतर मेन पुन्हा चालू केल्यावर बॅटरी चार्ज व्हायला लागते आणि तो भार किटलीच्या भारात मिसळतो.

आता अर्ज कुठे अडकला ते. अर्जासोबत आजच्या रीडिंगचा फोटो जोडायचा होता. पॅनेलवर माझ्या घराचा क्रमांक ज्या मीटरखाली होता त्याचा फोटो जोडला आणि अर्ज परत आला : ‘मीटर क्रमांक नोंदीशी जुळत नाही.’ कार्यालयात गेल्यावर खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने ती तक्रार ‘बिलाबाबत’ या प्रकारात नोंदवली. सगळी गाडी तिथेच चुकीच्या रुळावर गेली. बिलाची तक्रार आली की मीटर वेगाने पळतंय का, एवढंच तपासलं जातं. तीन आठवड्यांनी मीटर तपासलं गेलं, त्रुटी एक टक्क्याच्या आत निघाली आणि ‘मीटर योग्य’ असा शेरा मारून तक्रार बंद झाली. मीटर योग्य होतंच! त्याच्या अचूकतेबद्दल कुणी विचारलंच नव्हतं. पुन्हा तक्रार केली तर बिलिंग विभाग म्हणे हे तांत्रिक काम आहे, आणि तांत्रिक विभाग म्हणे ही पत्त्याची दुरुस्ती आहे, बिलिंगकडे जा. या दोन टेबलांमध्ये आणखी दोन आठवडे गेले.

सुटका झाली ती अर्जाचा मथळा बदलल्यावर. वर ठळक लिहिलं : ‘मीटरची अदलाबदल – संयुक्त स्थळ तपासणीची मागणी’. खाली दोन्ही घरांचे ग्राहक क्रमांक, बिलांवर छापलेले मीटर क्रमांक, प्रत्यक्ष जोडलेले मीटर क्रमांक, तपासणीची तारीख आणि ८० लुकलुकींचा हिशोब. दोन्ही घरांच्या सह्या एकाच कागदावर. एकाच घराची सही असेल तर तो अर्ज पुढे सरकत नाही, कारण दुरुस्तीने दुसऱ्या ग्राहकाचंही बिल बदलतं. ‘बिल जास्त येतं’ हे शब्द त्या अर्जात कुठेही येऊ देऊ नका. आवक क्रमांक आणि शिक्का असलेली प्रत घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका, आणि तक्रार कोणत्या प्रकारात नोंदवली ते पावतीवर वाचूनच बाहेर पडा. मी पहिल्या वेळी ती पावती वाचली असती तर पाच आठवडे वाचले असते.

शेजाऱ्यांच्या सहीसाठी त्यांना पैशाची बाजू आधी समजावून सांगा. त्यांना भीती असते की जुना सगळा फरक त्यांच्या गळ्यात पडेल. तुमच्यापुरता हिशोब ताबा मिळाल्या दिवसापासूनचा, त्याआधीचा आधीच्या मालकाचा. ज्या मीटरची वीज तुम्ही वापरलीत त्याची ताब्याच्या दिवसाची आणि दुरुस्तीच्या दिवसाची रीडिंग वजा केली की तुमचे युनिट निघतात, तसेच त्यांचे. पण त्यासाठी ताब्याच्या दिवशीची दोन्ही मीटरांची रीडिंग हवी. म्हणून किल्ली हातात आल्या दिवशी फक्त आपल्या मीटरचा नको, अख्ख्या पॅनेलचा फोटो काढा, क्रमांक वाचता येतील इतक्या जवळून.

दुरुस्ती दोन प्रकारे होते, वायरी बदलून किंवा नोंद बदलून. मला वायरी बदलणं बरं वाटतं. ग्राहक क्रमांक, मंजूर भार, अनामत रक्कम सगळं जागच्या जागी राहतं. नोंद बदलली तर पुढच्या बिलात मागची रीडिंग जुळत नाही आणि सरासरीचं बिल येण्याची शक्यता असते. कोणत्याही मार्गाने गेलात तरी त्या दिवशी दोन्ही मीटरांची रीडिंग आणि नव्या सीलचे क्रमांक अहवालात लिहून घ्या. खासगी वायरमनला सील तोडू देऊ नका, वायरी बरोबर लागल्या तरी तो गुन्हा ठरू शकतो.

बाकीच्या जोडण्यांत फार सांगण्यासारखं नाही. पाण्यासाठी सकाळच्या गर्दीच्या वेळी १० लिटरची बादली भरून पाहा, मिनिटात भरली तर शॉवर नीट चालेल. पाण्याचं मीटर स्वतंत्र असेल तर सगळे नळ बंद करून तासाभराने रीडिंग पाहा. काटा सरकला असेल तर बहुतेक वेळा फ्लशची टाकी गळत असते. टाकीत खाण्याचा रंग टाकून, फ्लश न करता १५ मिनिटांनी भांड्यात रंग उतरला का ते बघा. गॅसच्या सांध्यांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे पाहायचे, काडी कधीच ओढायची नाही. इंटरनेटची फायबर केबल जोडायला आलेल्या माणसाला जाण्याआधी केबलमधून येणाऱ्या प्रकाशाची पातळी (ती डीबीएम या एककात मोजतात) दाखवायला सांगा. उणे २७ डीबीएमच्या जवळ असेल तर जोड पुन्हा करायला लावा, नाहीतर लाइन वारंवार तुटते. ती केबल कोपऱ्यात काटकोनात दाबू नये.

आणि जुनं घर सोडताना तिथलंही शेवटचं रीडिंग फोटोसह लेखी कळवा. अनामत परत मिळण्यासाठी अंतिम बिल लागतं आणि ते बिल त्या रीडिंगवरच निघतं. माझ्याकडे तो फोटो होता, त्यामुळे तिकडचं काम एका फेरीत झालं.