काट्याचा जुना कोड सी++१७ वर आणताना

आमचं सॉफ्टवेअर साखर कारखान्यांच्या वजनकाट्यावर चालतं. मोळी टाकून हंगाम सुरू झाला की पट्टा पडून तो संपेपर्यंत त्याला हात लावायची सोय नाही. काट्यासमोर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग रात्रीही संपत नाही, तिथं अपडेट कोण करू देणार? म्हणून हे काम कुपवाडच्या ऑफिसात उन्हाळ्यात काढलं. निम्मा कोड जुन्या सी मधला, निम्मा सी++९८ चा, म्हणजे सी++ च्या १९९८ च्या स्टँडर्डचा. सगळा सी++१७ वर, म्हणजे २०१७ च्या स्टँडर्डवर आणायचा होता, कारण जीसीसी ११ या कंपायलरचं तेच डीफॉल्ट आहे.

सगळ्या फाइलींचं एक्स्टेन्शन बदलून सरळ बिल्ड मारा, असं काहींचं म्हणणं. तसं केलं की एररचा पूर येतो आणि माणूस दिसेल तिथं कास्ट (टाइपचं जबरदस्तीचं रूपांतर) ठोकत सुटतो. आम्ही आधी सी च्या हेडरना (फंक्शनांची ओळख देणाऱ्या फाइलींना) ‘एक्स्टर्न सी’ लावलं, म्हणजे ही फंक्शनं सी ची आहेत असं सी++ ला सांगितलं, दोन्ही बाजू लिंक होत राहतील एवढं बघितलं, मग एकेक फाइल पलीकडे नेली.

वाहनाच्या प्रकाराला ‘क्लास’ आणि नव्या वजनाला ‘न्यू’ अशी व्हेरिएबलची नावं होती; सी++ मध्ये हे राखीव शब्द आहेत, म्हणून ती बदलली. मेमरी आपोआप सोडणारा जुना ऑटो पॉइंटर सी++१७ मधून काढूनच टाकलाय, तिथं युनिक पॉइंटर आला.

मेमरी मागून घेणाऱ्या मॅलॉक या फंक्शननं मात्र दमवलं. एका फाइलीत त्याचं हेडरच नव्हतं. जुन्या सी मध्ये अशा वेळी फंक्शन इंट, म्हणजे साधा पूर्णांक, परत करतं असं कंपायलर धरून चालतो. ३२ बिटवर ते खपून गेलं; ६४ बिटवर पॉइंटरचा, म्हणजे मेमरीतल्या पत्त्याचा, वरचा निम्मा भाग गळतो. सी++ तिथंच एरर देऊन अडवतं. मला तरी ही कटकट आवडते.

मग मागच्या हंगामाच्या नोंदी दोन्ही प्रोग्रॅममधून काढून बिलं ताडली. काहींत एका पैशाचा फरक! यात स्टँडर्डचा दोष नव्हता. जुना ३२ बिट बिल्ड अपूर्णांकांचा हिशेब प्रोसेसरच्या जुन्या एक्स८७ भागावर ८० बिटांत करायचा, नवा एसएसई२ या नव्या भागावर ६४ बिटांत. पैसा किरकोळ, पण काटामारीचा संशय शेतकऱ्याच्या मनात आधीच असतो. म्हणून वजन किलोत आणि रक्कम पैशांत, दोन्ही पूर्णांकात ठेवली. राउंडिंग एकाच फंक्शनमध्ये आणलं आणि त्याचा नियम अकाउंट्सवाल्या साहेबांकडून लेखी घेतला.

सीरियल पोर्टवरून वजन वाचणारी फाइल तेवढी अजून सी मध्येच आहे. ती इंडिकेटरवाल्यांनी (काट्याचं वजन दाखवणारं यंत्र देणाऱ्यांनी) दिलेली. तिला ऐन हंगामाच्या तोंडावर कोण छेडणार?