हिला कोणी उचलायचं नाही

आमच्या सांगलीच्या गावभागात कुणाकडे आजारपण आलं की गल्ली धावून येते. हिला पॅरालिसिस झाला, डावी बाजू गेली. मिरजेहून घरी आणल्यापासून दारात कोणी ना कोणी तरणा पोरगा उभा असतोच. "काका, सरका तुम्ही, काकूंना मी उचलतो." पोरं तालमीतली, अंगात रग. पण काखेत हात घालून उचललं की लुळ्या बाजूचा खांदा निखळू शकतो. स्नायूच ढिले पडलेले, सांधा धरून ठेवायला उरतं काय? मी त्यांना चहा पाजतो आणि वाटेला लावतो.

मी एसटीचा ड्रायव्हर. कंबर नोकरीतच खर्ची पडली, त्यामुळं उचलणं मला झेपणारही नव्हतं. घरी येणाऱ्या फिजिओथेरपीच्या मॅडमनी सुरुवातीलाच सांगून टाकलं, "उठायचं काम काकूंचं. तुम्ही फक्त वळवायचं."

पहिली अडचण पलंगाची निघाली. हिच्या माहेरचा सागवानी पलंग, उंच. कडेला बसवली की पाय लोंबकळायचे. पाय जमिनीला टेकल्याशिवाय माणूस उठणार कसा? सुतार बोलावून पलंगाचे पाय कापून घेतले आणि तो व्हीलचेअरच्या बसकणीच्या उंचीला आणला. ही दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

सकाळी कुशीवर वळवून पाय खाली सोडायचे आणि कडेला थोडा वेळ नुसतं बसू द्यायचं. आडवं असलेलं माणूस एकदम उभं केलं की बीपी उतरतं, डोळ्यापुढं अंधारी येते. तेवढ्यात मी कमरेचा पट्टा बांधतो. बॅगा शिवणाऱ्याकडून नायलॉनच्या पट्टीचा करून घेतलाय, दोन्ही बाजूंना मुठी. कपड्यावरून, दोन बोटं आत जातील इतका घट्ट. धरायचं ते पट्ट्याला. हाताला नाही, गाउनला नाही. आणि तिनं माझ्या गळ्यात हात टाकायचा नाही, माझी मान जाईल.

व्हीलचेअर तिच्या उजव्या, म्हणजे चांगल्या बाजूला, थोडी तिरकी. ब्रेक लावलेले, पाय ठेवायच्या पट्ट्या वर दुमडलेल्या. मग तिनं पुढं वाकायचं, नाक पायाच्या बोटांच्या वर येईपर्यंत. माझा गुडघा तिच्या डाव्या गुडघ्याला टेकलेला, तो दुमडू नये म्हणून. इशारा तिचा. आमच्या गाडीत कंडक्टरनं डबल बेल दिल्याशिवाय गाडी हलत नसे, तोच कायदा घरात. ती म्हणते "टण-टण" आणि उठते. पायाला मागून खुर्ची लागली की उजवा हात खुर्चीच्या हातावर टेकून सावकाश बसते. मधेच "टण" म्हणाली तर परत पलंगावर. घाई असो नसो.

येताना उलटं होतं, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. खुर्ची जिथून निघाली तिथंच परत आणली तर पलंग तिच्या लुळ्या बाजूला येतो. म्हणून जाताना खुर्ची उशाकडे, येताना पायथ्याकडे. उजवी बाजू दोन्ही वेळा पुढं.

न्हाणीघर म्हणजे जुन्या घरातलं, दार अरुंद, उंबरा तीन इंची. व्हीलचेअर आत जाईना. चाकांची कमोडखुर्ची आणली आणि उंबऱ्याला तीन फुटांचा उतार करून घेतला. इंचाला एक फूट हे प्रमाण. गवंडी म्हणत होता फुटाभरात बसवतो. बसवला असता, पण त्यावरून खुर्ची ढकलताना मीच आडवा झालो असतो. टॉवेलच्या दांडीला तिला हात लावू देत नाही, ती टॉवेलच्या वजनाची. उजव्या हाताला भिंतीत पक्का लोखंडी बार बसवलाय. शहाबादी फरशी आधी पुसून कोरडी करायची आणि पायात मोजे नकोत.

साडीचा हट्ट तिनं सोडला, पुढून बटणं असलेला गाउन आला. घालताना आधी डावा हात, काढताना आधी उजवा. तिला गाउन अजून आवडत नाही. पाहुणे आले की वरून ओढणी मागते.

कधी पाय सुटलाच तर ओढून उभं करायला जायचं नाही. पट्टा न सोडता, आपल्या मांडीवरून घसरवत हळू खाली बसवायचं, आणि मग हाका मारायच्या. तालमीतली पोरं इथं कामाला येतात. तीही काखेत हात न घालता.

पावसाळ्यात आमची वेगळी धांदल. कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी 40 फुटांवर गेलं की इशारा, 45 ला धोका. आम्ही तेवढं थांबत नाही. कोयना धरणातून विसर्ग वाढवल्याची बातमी आली की विश्रामबागला भाचीकडे. गाडीचं पुढचं सीट पूर्ण मागं सारायचं, त्यावर प्लास्टिकची पिशवी पसरायची, म्हणजे अंग सहज सरकतं. आधी पाठमोरी बसवायची, डोकं छताला लागू नये म्हणून माझा हात वर, मग दोन्ही पाय एकदम आत. पिशवी काढून घ्यायची, नाहीतर ब्रेक दाबला की ही पुढं सरकते. पट्टा लावला की ती स्वतःच "टण-टण" म्हणते, आणि भाचीचा नवरा गाडी कशी चालवतो यावर विश्रामबाग येईपर्यंत आम्हा दोघांचं एकमत असतं.