रिकामी ताटली आणि थालीपिठांचा डबा

रविवार, रात्रीचे साडेनऊ, म्युनिक

मुले झोपली आहेत. बाहेर अजून पुरता अंधार पडलेला नाही. जूनमध्ये येथे नऊ वाजून गेल्यावरही खिडकीत उजेड रेंगाळत असतो. आज कित्येक महिन्यांनी आम्ही चौघे बाहेर जेवलो आणि एकदाही घाईने उठावे लागले नाही, म्हणून हे आजच लिहून ठेवते.

फेब्रुवारीतील ती संध्याकाळ अजून मनातून जात नाही. एका चांगल्या उपाहारगृहात आम्ही गेलो होतो आणि जेवण यायला अर्धा तास लागला. थोरला सहा वर्षांचा आहे, त्याने चित्रे रंगवत कसाबसा वेळ काढला. धाकटी तीन वर्षांची, तिची झोपेची वेळ झाली होती आणि पोटात भूक होती. तिने सफरचंदाच्या रसाचा पेला टेबलावर उपडा केला, मग रडू लागली आणि काही केल्या थांबेना. शेजारच्या बाईंनी वाढणाऱ्या मुलीला बोलावून हळू आवाजात काही सांगितले आणि त्या व त्यांचे यजमान दूरच्या कोपऱ्यातील टेबलावर जाऊन बसले. आम्हाला कोणी एक शब्दही बोलले नाही. तरीही मी सगळे अन्न बांधून मागितले आणि घरी येऊन आम्ही ते गार झालेले जेवण मुकाट्याने संपवले. त्यानंतर बाहेर जेवायला जाण्याचा विषय निघाला की मी काहीतरी कारण काढत आले.

या देशाने २०११ साली कायद्यातच लिहून ठेवले की पाळणाघरांतून आणि खेळाच्या मैदानांवरून येणारा मुलांचा आवाज सहसा उपद्रव समजायचा नाही. शेजारच्या टेबलाला मात्र कोणता कायदा लागू पडणार? तेथे फक्त नजर असते आणि परक्या मुलखात ती नजर आपल्या मुलीकडे नव्हे, तर आपल्या साऱ्या वळणाकडे पाहते आहे असे वाटत राहते. साताऱ्याला असते तर मावशीने किंवा आत्याने लेकीला कडेवर घेऊन दारापर्यंत एक फेरी मारली असती, गाड्या दाखवल्या असत्या आणि तेवढ्यात माझे चार घास झाले असते. येथे कडेवर घ्यायला आम्ही दोघेच असतो. एक जेवतो तेव्हा दुसरा फिरत असतो.

मुलांसाठीच्या पदार्थांच्या वेगळ्या यादीने हा प्रश्न सुटत नाही, असे माझे मत झाले आहे. बहुतेक ठिकाणी त्या यादीत फ्रेंच फ्राइज, चिकन नगेट्स आणि फिश फिंगर हेच असते. मोठ्यांनी एक खायचे आणि मुलांना तळलेले काहीतरी देऊन गप्प बसवायचे, याला एकत्र जेवण म्हणावेसे मला वाटत नाही. पण त्याच यादीत तळाशी कधी कधी ‘रॉयबरटेलर’ असा एक शब्द असतो आणि तो मला मनापासून आवडतो. त्याचा अर्थ लुटारूची ताटली. मुलासमोर रिकामी ताटली आणि काटा ठेवतात, बहुधा पैसे न घेता, आणि आईबापांच्या ताटांतून त्याने हवे ते लुटायचे. लहानपणी महिन्यातून एकदा बाबा आम्हाला उडुप्याच्या हॉटेलात नेत, तेव्हा मसाला डोशाबरोबर ‘एक प्लेट जास्तीची द्या’ असे सांगत, ती हीच ताटली. आजीच्या ताटातला एक घास चिऊचा, एक घास काऊचा, असे जेवत मोठी झालेली मी. माझ्या मुलांच्या तोंडी पहिला घास आमच्याच ताटातून जावा, ही माझी इच्छा या शब्दाने येथे कोणालाही न समजावता पुरी होते.

आज आम्ही हिर्शगार्टनला गेलो. सासूबाईंना सकाळी फोनवर ‘बिअर गार्टन’ म्हणून सांगितले तेव्हा त्या क्षणभर गप्प झाल्या, म्हणून त्यांना सविस्तर सांगावे लागले. चेस्टनटच्या जुन्या झाडांखाली सुमारे आठ हजार माणसे बसतील एवढी लांबलचक बाके मांडलेली आहेत, कुंपणापलीकडे हरणे आहेत, जवळच मुलांचे खेळाचे मैदान आहे, आणि पेय तेथलेच घेतले की खाण्याचा डबा घरून आणता येतो. ही मोकळीक फार जुनी आहे. बवेरियाचा राजा पहिला मॅक्सिमिलियन योझेफ याने १८१२ साली बिअर बनवणाऱ्यांना आपल्या तळघरांपाशी उन्हाळ्यात ती विकण्याची परवानगी दिली, पण सोबत पावाखेरीज काही खायला देण्यास मनाई केली. मग लोक घरून शिदोरी आणू लागले. आज तेथे खाणेही विकत मिळते, पण शिदोरीचा हक्क कायम आहे. जेथे टेबलावर कापड अंथरलेले नाही तेथे आपला डबा उघडायचा, एवढे पाहिले की झाले.

मी भाजणीची थालीपिठे, दही आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती. नवऱ्याने तेथून ब्रेत्सेल, म्हणजे गाठ मारल्यासारखा खारा पाव, आणि सोडा घातलेला सफरचंदाचा रस आणला. थालीपिठाच्या मधल्या भोकात बोट घालून धाकटी बराच वेळ बसली, मग कडेकडेने कुरतडत तिने ते सगळे संपवले. दहा मिनिटांनी ती उठून खडीत खेळू लागली, पुन्हा आली, एक घास घेऊन पुन्हा गेली, आणि मला तिच्या मागे धावावे लागले नाही.

त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक वृद्ध जोडपे बसले होते. आजोबांनी पिशवीतून निळ्या-पांढऱ्या चौकड्यांचे कापड काढून आपल्यापुरत्या फळीवर नीट अंथरले, मग पांढराशुभ्र जाड मुळा काढला, चाकूने त्याचा न तुटता मळसूत्रासारखा पातळ काप केला, मीठ भुरभुरले आणि हात बाजूला ठेवून ते थांबले. थोरल्याने जर्मनमध्ये विचारले, ‘तुम्ही खात का नाही?’ ते म्हणाले, ‘मुळ्याला आधी रडू द्यायचे असते.’ थोड्या वेळाने खरोखरच त्याला पाणी सुटले. कोशिंबिरीसाठी किसलेल्या मुळ्याला मीठ लावून ठेवताना माझी आई जे करते, तेच. थोरला तोंड उघडे ठेवून पाहत होता आणि घरी येईपर्यंत त्याने दोनच गोष्टी विचारल्या: आपणही मुळा का आणला नाही, आणि आपल्याकडे अंथरायला कापड का नव्हते.

लेक ट्रेनमध्येच खांद्यावर झोपली. कपडे बदलताना तिच्या खिशातून मूठभर खडी निघाली. कपाटातून सोलापुरी टेबलक्लॉथ काढून मी डब्याच्या पिशवीत घडी घालून ठेवला आहे.