तुम्ही विचारलंत म्हणून: दोन वाक्यांची डॉक्टर

"मुंबईत मेन रोल करत होतीस आणि लंडनला जाऊन दोन वाक्यांची डॉक्टर करतेस?" मावश्या, जुने सहकलाकार, लग्नाकार्यात भेटणारी अर्धवट ओळखीची माणसं, सगळे हेच विचारतात आणि उत्तर यायच्या आत जेवायच्या पंगतीकडे वळतात. म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

एक तर ती दोन वाक्यं कुणी दयेनं दिलेली नाहीत. इथं पुष्कळदा छोटी भूमिका करणाऱ्या नटालाच मोठ्या भूमिकेचं कव्हर देतात, म्हणजे रोज आपली दोन वाक्यं बोलायचीच, शिवाय मुख्य बाईचं अख्खं काम, तिच्या एन्ट्र्या, हालचाली, सगळं पाठ ठेवायचं, तिच्याशिवाय वेगळ्या तालमी करायच्या आणि ती आजारी पडली की उभं राहायचं. करून बघा.

आणि "आता तिकडे इंडियन लोकांना खूप काम आहे म्हणे". आहे ना. १९७६ मध्ये लंडनच्या साउथॉल भागात गुरदीप सिंग चग्गर या तरुण मुलाचा वंशद्वेषातून खून झाला, त्या संतापातून जतिंदर वर्मा आणि मित्रांनी 'तारा आर्ट्स' ही नाटक कंपनी काढली, १९८९ मध्ये 'तमाशा' नावाची दुसरी कंपनी आली, या लोकांनी वाट पाडली म्हणून मी चालतेय हे मला मान्यच आहे. पण ती वाट मुख्यतः इथं वाढलेल्या मुलांची. त्यांच्याकडे घरातला पंजाबी नाहीतर गुजराती हेल असतो आणि शाळेतला बर्मिंगहॅमचा किंवा लेस्टरचाही असतो. माझ्याकडे दोन्ही नाहीत. ब्रिटिश एशियन भूमिकेला मी जास्तच भारतीय, आणि भारतीय भूमिकेला माझं मराठी वळणाचं इंग्रजी यांच्या कानातल्या भारतासारखं लागत नाही. एका ऑडिशनला तर मला अगदी प्रेमानं सांगितलं, थोडं अजून भारतीय करून बघ.

असो. खरं सांगायचंय ते त्या मॅटिनीचं.

नाटकात वुल्वरहॅम्प्टनची एक पंजाबी आई होती, तिचं कव्हर माझ्याकडे. सकाळी फोन आला, तिचा आवाज बसलाय, आज तू. इथं नाटकाच्या पस्तीस मिनिटं आधी 'हाफ'चा पुकारा होतो, तोवर माझे हात गार पडलेले. आजची भूमिका अमुक करणार अशी चिठ्ठी प्रत्येक प्रोग्रॅममध्ये घातलेली. पहिला अंक सुरळीत. पंजाबी वाक्यं घोकून घोकून बसवली होती, तीही नीट गेली. दुसऱ्या अंकात मुलगा घर सोडून निघतो आणि आई त्याला एकच वाक्य बोलते. तिथं मी थांबले. कसं थांबायचं ते मला येतं हो, शिवाजी मंदिरात अशा थांबण्यावर मी टाळ्या घेतल्यात, बाल्कनीतला शेवटचा माणूस श्वास धरतो ते पाठीलासुद्धा कळतं. इथं पण सगळं गप्प. मला वाटलं, रंगला.

रात्री शो रिपोर्ट, म्हणजे प्रयोग कसा झाला त्याची रोजची नोंद, आला. दुसरा अंक चार मिनिटं लांबला. दिग्दर्शकाचा मेसेज, फार छान, फक्त पॉज कमी करूया. आणि प्रॉम्प्ट बुकवर बसणारी स्टेज मॅनेजर, स्वभावानं फार गोड पोरगी, म्हणाली, तू वाक्य विसरलीस असं वाटलं, मी प्रॉम्प्ट देणारच होते.

मी हसले तिच्यासमोर. बसमध्ये मात्र मनातल्या मनात तिच्याशी, दिग्दर्शकाशी, त्या सगळ्या गप्प बसलेल्या लोकांशी भांडत होते, की तुम्हाला नट थांबलाय का अडकलाय हे कळत नाही तर नाटक बघता कशाला. मुख्य बाई परत आली तेव्हा मी मुद्दाम विंगेत उभी राहून तो सीन बघितला. ती थांबतच नाही. वाक्य जाता जाता टाकते, जणू दूध संपलंय असं सांगतेय. आणि तिचं जास्त लागलं. म्हणजे त्या दिवशी लागलं, पुढच्या आठवड्यात बघितलं तेव्हा मला ते नुसतं उरकल्यासारखं वाटलं. अजून ठरलेलं नाही माझं.

निघायच्या आधी एका मुलाखतीत मी म्हणाले होते, अभिनयाला भाषा नसते. कात्रण आईनं जपून ठेवलंय. ती मुलाखत देणाऱ्या माझ्यातल्या त्या बाईला मला विचारायचंय, की तुझा आवाज, तुझं थांबणं, हशा संपायच्या जरा आधी पुढचं वाक्य उचलणं, हे तू कुणाच्या तालमीत, कुठल्या प्रेक्षकांसमोर शिकलीस? ते सगळं बॅगेत भरून कुठंही नेता येतं असं तुला वाटलंच कसं? ती म्हणेल, मग परत ये. इतकं सोपं तिलाच वाटू शकतं.

कारण गेल्या वर्षी मुंबईहून एका निर्मात्यानं संहिता पाठवली होती. मध्यवर्ती भूमिका, चांगली भूमिका. घरी मोठ्यानं वाचायला बसले, तर जिथं हमखास टाळी आहे तिथून मी भरभर पुढे निघून जात होते. दोनतीनदा वाचलं, तेच. त्याला कळवलं की तारखा जुळत नाहीयेत. तारखा खरंच जुळत नव्हत्या, तेवढं मात्र कुणी विचारलं तर सांगा.