चार वर्षांचा ताण

संत्र्याचा अंबिया बहार, म्हणजे हिवाळा सरताना येणारा फुलोरा, घ्यायचा तर झाडाला ताण द्यावा लागतो. डिसेंबरात पाणी तोडायचं, पानं मलूल होऊ द्यायची आणि जानेवारीच्या मध्यात एकदम ओलीत सुरू करायचं. मग झाड फुलतं. मी हे चार वर्षं लोकांना ऐकवत होतो. दुसऱ्या कादंबरीचं काय झालं, असं कोणी विचारलं की म्हणायचो, ताण देऊन राहिलो. ऐकणाऱ्याला त्यात फार खोल अर्थ दिसायचा. खरं सांगायचं तर मलाही दिसायचा.

मागच्या डिसेंबरात घरी पाहुणे बसले असताना बायकोनं ते ऐकलं. चहाचे कप उचलता उचलता म्हणाली, "ताण दीड-दोन महिने देतात. चार वर्सं देल्लं त झाड वायते. मंग चुलीत घालाच्या कामी येते."

पाहुणे हसले. मी कोरडाच हसलो आणि मोटर पाहायच्या निमित्तानं वावरात निघून गेलो.

अचलपूर तालुक्यात आमचं गाव. साडेतीन एकर संत्रा, बाकी कपाशी-तूर. पहिली कादंबरी २०१९ मध्ये आली. तिच्या उरलेल्या प्रती अजून कोठीत आहेत, तुरीच्या कट्ट्यांमागे. दुसरी लिहायला घेतली ती एका बंद पडलेल्या जिनिंगवर, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्यावर. आमच्या आत्यानं तरुणपणी जिनात काम केलेलं, तेव्हा विषय घरचाच. ६४ पानं झाली आणि २०२१ च्या पावसाळ्यात हात थांबला. कारणं विचाराल तर भरपूर होती. लॉकडाऊन, वडलांचं आजारपण, फळगळ, व्यापाऱ्यानं बाग अर्ध्यात सोडली तो हंगाम. पण त्या सगळ्या दिवसांत मी मोबाइल रोज दोन-दोन तास पाहत होतो, हेही तितकंच खरं.

त्या दिवशी वावरातून आलो आणि ठरवलं, लिहिणं जमत नसेल तर निदान वाचू. शेतीची लाइन एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात तसंही मोटरीजवळ जागावं लागतं. लाइन गेली की मोटर बंद, आली की पुन्हा पाणी पाहायला उठा. एरवी तिथं बसून मोबाइलच पाहायचो. आता खाटेवर गोधडी, डोक्याला हेडलाइट आणि हातात पुस्तक. उजेडावर पाखरं येतात ती थेट पानावर बसतात. ग्रंथालयाच्या काही पुस्तकांत आता माझ्याकडची पाखरंही वाळून आहेत. ग्रंथपालांनी माफ करावं.

वर्षभरात १४ पुस्तकं झाली. आकडा काही सांगण्यासारखा नाही, त्यात दोन तर मी निव्वळ हट्टानं संपवली. उपयोगी पडली ती तीन.

पहिलं उद्धव शेळक्यांचं 'धग'. १९६० चं पुस्तक, आणि मी ते कॉलेजात परीक्षेपुरतं वाचलं होतं, म्हणजे वाचलंच नव्हतं. नवरा शिंपी, त्याला कामाचा कंटाळा, आणि सगळा संसार ओढणारी कौतिक. ती तोंड उघडते तेव्हा आमच्या ओट्यावरची बाई बोलते. वाचता वाचता मला माझी ६४ पानं आठवली आणि कानशिलं गरम झाली. माझ्या जिनातल्या बाया "मला वाटतं, आपण मालकांना भेटायला हवं" असं बोलत होत्या. अशी वाक्यं आमच्याकडे फक्त बँकेच्या शिबिरात ऐकू येतात. पुण्या-मुंबईच्या वाचकाला कळावं म्हणून मी त्यांची जीभच कापून ठेवली होती. शेळक्यांनी ती काळजी केली नाही, आणि वाचक तर साठ वर्षांवर त्यांच्याजवळ टिकून आहे.

दुसरं, महेश एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी'. नाटक आहे, कादंबरी नाही, पण मला त्यातला ट्रॅक्टर हवा होता. धरणगावकर देशपांड्यांच्या अंगणात तो गंजत पडलाय. चालत नाही, कोणी हलवत नाही, येणारा-जाणारा त्याला अडखळतो. त्या घराची दशा त्या लोखंडानं सांगून टाकलीय, पात्रांना ती सांगावी लागत नाही. माझ्या कादंबरीत मात्र जिनाचा मालक दोन पानं भाषण करून जिन का बुडालं ते समजावून सांगत होता. ती दोन पानं मी त्याच रात्री फाडली. चार वर्षांनी कादंबरीला हात लागला तो असा, फाडण्यासाठी.

तिसरं 'लीळाचरित्र', म्हणजे महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणींचा म्हाइंभटांनी लिहिलेला ग्रंथ, आणि याच्यावर मी थोडा जास्त वेळ घेणार आहे.

परतवाड्याच्या एका निवृत्त गुरुजींकडे वि. भि. कोलत्यांनी संपादित केलेली १९७८ ची प्रत होती. त्यांनी ती वर्तमानपत्रात गुंडाळून दिली आणि तीन वेळा बजावलं, वावरात नेऊ नका. नेली नाही. ती घरीच वाचली, पहाटे. तेराव्या शतकातली मराठी, पहिले आठ दिवस डोक्यावरून गेली. मग हळूहळू कान बसला. लीळा म्हणजे प्रसंग, ते लहान लहान आहेत, कोणी काय विचारलं, स्वामी काय म्हणाले, कुठे बसले होते, जेवायला काय होतं. मला भक्तीपेक्षा म्हाइंभटांच्या कामाची पद्धत खिळवून गेली. चक्रधरांना ज्यांनी पाहिलं होतं, ज्यांनी ऐकलं होतं, त्यांच्याकडून या माणसानं आठवणी गोळा केल्या, चक्रधरांचे शिष्य नागदेवाचार्य यांना विचारून पारखल्या आणि मग लिहिल्या. पुढे देवगिरीचं राज्य कोसळतानाच्या धामधुमीत मूळ पोथी हरवली. शिष्यांनी पुन्हा आठवून ती उभी केली. त्यामुळे एकाच प्रसंगाचे वेगवेगळे पाठ आहेत, आणि कोणाची आठवण निराळी असेल तर तीही नोंदलेली आहे. पोथ्यांत अशा निराळ्या पाठाला 'वासना' म्हणतात. हा शब्द वाचून मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ तसाच बसलो.

हे काम झालं ते रिद्धपूरला. आमच्या गावाहून चांदूर बाजारमार्गे मोटरसायकलनं जाऊन संध्याकाळी परत येता येतं. शंभर वेळा त्या बाजूनं संत्र्याची कलमं आणायला गेलो असेन. यंदा पहिल्यांदा तिथल्या वाजेश्वरीला थांबलो. मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ या जागी लिहिला गेला, असं मानतात. आता गावात मराठी भाषा विद्यापीठही आलंय. मला मात्र तिथं एकच गोष्ट बोचत होती. सातशे वर्षांपूर्वी म्हाइंभटांना बसल्या जागी काही सुचवून घ्यावंसं वाटलं नाही, त्यांनी जाऊन विचारलं. आणि माझी सख्खी आत्या दोन गल्ल्या सोडून राहते, तिला मी चार वर्षांत एक प्रश्न विचारला नव्हता. टेबलाशी बसून तिचं आयुष्य रचत होतो.

दुसऱ्या दिवशी तिच्याकडे गेलो. वही काढली तर ती गप्प झाली. वही खिशात ठेवली तर बोलायला लागली, म्हणून मग ऐकायचं आणि घरी येऊन लिहायचं, अशी रीत पडली. रेच्यात, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रात, कापूस घालायला दिवसभर उभं राहायचं. एकीकडे रुई पडायची, एकीकडे सरकी. नाकातोंडात रुई जायची म्हणून पदर दातात धरायचा. एका हिवाळ्यात एका बाईनं आपलं तान्हं सरकीच्या ढिगात झोपवलं होतं, आणि मुकादम येताना दिसला की बाकीच्या आडव्या उभ्या राहायच्या.

"कोणाचं पोट्टं होतं, आत्या?"

"माहंच. दुसऱ्या कोणाचं असन?"

आठ दिवसांनी तिच्याच जुन्या सोबतिणीकडे गेलो. तिनं तोच प्रसंग सांगितला. ढीग तोच, मुकादम तोच. फक्त पोरगं तिचं होतं.

आधीचा मी असतो तर खरं काय ते शोधत बसलो असतो, नाहीतर कंटाळून दोघींचं मिळून एक पात्र केलं असतं. आता दोन्ही लिहिलं, लागोपाठ, दोघींच्या तोंडून. कादंबरी तिथून पुढे सरकली. कोणाची आठवण आहे ते आधी, आठवण नंतर. अकरा बायांशी बोलून झालंय. दोघी मी जायच्या आधीच गेल्या, एकीच्या दारात तर मी तेराव्याला पोचलो.

रोजचं म्हणाल तर एक पान. शाळेच्या पोरांचं लांब रजिस्टर घेतलंय, त्याचं एक पान, पहाटे, चहाच्या आधी. मोबाइल कोठीत, पहिल्या कादंबरीच्या गठ्ठ्यावर. कपाशीच्या वेचणीत आठ दिवस खाडा पडला, पोळ्यालाही पडला. खाडा पडला म्हणून दुसऱ्या दिवशी दोन पानं लिहायची नाहीत हे मात्र पाळलं. तसं करून एकदा तिसऱ्या दिवशी वहीकडे बघवलं नव्हतं. जुन्या ६४ पानांतली ९ ठेवली. नवी ११७ झालीत. बायकोनं अजून काही विचारलेलं नाही, पण पहाटेचा चहा आता पान संपल्यावरच येतो.

मागच्या रविवारी आत्याला सरकीचं प्रकरण वाचून दाखवलं. डोळे मिटून ऐकत होती, मला वाटलं झोपली. सोबतिणीचा भाग आला तशी उठून बसली.

"ते बुढी खोटं बोलते. पोट्टं माहंच होतं."

"तुझंबी लिहिलं ना, आत्या."

"लिव्हलं. पन सरकी ऊन रायते हे कुठी लिव्हलं तुनं? थंडीचे दिवस होते. कायले झोपवलं असन मंग तिथं?"

मी खिशातला पेन काढला. या वेळी ती गप्प झाली नाही.