तिला रडू का देत नाही

प्रयोग संपून आत गेलं की कुणीतरी भेटायला येतंच. बहुतेकदा एखादी बाई, पदर नीट करत, दारातच थांबून विचारते, "ताई, एवढं सोसते ती, मग रडत कशी नाही? आणि ती रडत नाही तर आम्हाला का रडू येतं?" शिबिरातली मुलं हेच विचारतात, फक्त त्यांच्या भाषेत: घरातल्या बाईचं दुःख प्रेक्षकापर्यंत पोचवायचं टेक्निक काय? कोल्हापुरात हौशी नाटकं बसवायला लागून मला २२ वर्षं झाली. घाईघाईत दिलेलं उत्तर नेहमी अपुरं राहतं. तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट सांगते.

हे मला एका तालमीत कळलं. राज्य नाट्य स्पर्धेसाठी दोन अंकी नाटक बसवत होतो. दुसऱ्या अंकात नायिका ओट्यापाशी उभी राहून आपल्या लग्नाबद्दल सात-आठ मिनिटं बोलते. ते काम करणारी बाई स्वतः संसारी. घरचा स्वयंपाक उरकून, सासऱ्यांना वाढून, रात्री साडेआठला तालमीला यायची. मी तिला सांगितलं होतं, तिसऱ्या वाक्याला कोसळायचं. ती खरंच कोसळायची. डोळ्यांतून घळाघळा पाणी यायचं, त्यात खोटं काही नव्हतं. पण विंगेतली पोरं मोबाईल बघत बसायची. आठवडाभर हेच चाललं होतं आणि चूक कुठं होतेय ते मला सापडत नव्हतं.

एका रात्री ती पिशवी घेऊन आली. "उद्या घरात पाहुणे आहेत, मटण करायचंय. लसूण सोलत सोलत म्हटलं तर चालेल?" रंगमंचावरच्या हालचाली पाठच होत्या, म्हटलं सोल. ती खाली बसली, मांडीवर ताट घेतलं आणि सुरू झाली. "सतरा वर्षांत यांनी मला एकदापण विचारलं नाही..." इथं एका पाकळीची साल निघेना. तिनं नख घातलं, ओढलं, साल निघाली, ताटावर फुंकर मारली, आणि मग वाक्य पुरं केलं, "...की तुला काय आवडतं." आवाज अगदी रोजचा होता, दूधवाल्याचा हिशेब सांगावा तसा. मी मान वर केली तर विंगेतल्या पोरांचे मोबाईल खाली गेले होते. प्रॉम्प्टिंगला बसलेला मुलगा पान उलटायचं विसरला होता.

रंगमंचावरची बाई रडली की दुःखाचं काम तिथंच संपतं. प्रेक्षकाला करायला काही उरत नाही, तो तिची कीव करतो आणि घड्याळ बघतो. तिचे हात चालू राहिले की मात्र तो शोधायला लागतो, हिचं दुःख गेलं कुठं? ते शोधता शोधता तो तिच्या बाजूला येऊन उभा राहतो. मला जे काही कळलंय ते एवढंच: तिच्यासाठी करायचं काहीतरी काम प्रेक्षकाच्या हाती द्यायचं. बाकीच्या सगळ्या युक्त्या यातूनच येतात.

नॉर्वेचा नाटककार इब्सेननं ते फार आधी केलंय. त्याचं ‘अ डॉल्स हाऊस’ हे नाटक १८७९ सालचं. पहिल्याच प्रवेशात त्यातली गृहिणी नोरा नवऱ्यानं बंदी घातलेले गोड मॅकरून चोरून खाते, तोंड पुसते आणि तो विचारतो तेव्हा साफ नाकारते. आपण तर बघितलेलं असतं. ती खोटं बोलली हे आपल्याला माहीत आहे, त्याला नाही. म्हणजे पडदा वर गेल्यावर काही मिनिटांतच आपण तिच्या कटात सामील! पुढं टपालपेटीत तिचं गुपित उघडं पाडणारं पत्र पडलेलं असतं आणि नवऱ्यानं पेटी उघडू नये म्हणून ती नाचाची तालीम काढते, बेभान नाचते. त्याला दिसतो बिघडलेला नाच. आपल्याला ती पेटी दिसत असते. शेवटी ती दार ओढून बाहेर पडते त्याची चर्चा सगळे करतात, पण माझ्या मते तिची बाजू आपण घेतो ती त्या खाऊपाशीच.

इंग्लंडच्या विली रसेलनं १९८६ साली आणलेलं ‘शर्ली व्हॅलेंटाइन’ हे एकपात्री नाटक मी शिबिरात हटकून सांगते. लिव्हरपूलची चाळिशी उलटलेली गृहिणी स्वयंपाकघराच्या भिंतीशी बोलते. बोलता बोलता नवऱ्यासाठी बटाट्याच्या चिप्स आणि अंडी तळते, कारण त्याच्या जेवणाचं मांस तिनं एका कुत्र्याला घातलंय. का, तर त्या कुत्र्याच्या मालकांनी त्यालाही शाकाहारी करून ठेवलेलं! आपण पोट धरून हसतो. हसलेला माणूस सैल होतो, आणि तेवढ्यात ती सांगून जाते की आपण कोण होतो आणि काय होऊन बसलो. नवरा रंगमंचावर येतच नाही. तो कसा असेल ते आपण आपल्या घरांतून, शेजारून, नात्यातून गोळा करून उभं करतो. त्यामुळं तो लेखकानं लिहिला असता त्याहून खरा होतो.

आपल्याकडं प्रशांत दळवींच्या ‘चारचौघी’ नाटकातला विद्याचा टेलिफोनचा प्रवेश घ्या. १९९१ साली वंदना गुप्ते ते काम करायच्या. ही विद्या चांगली शिकलेली, नोकरी करणारी, पण फोनवर ती नवऱ्याशी बोलते ती बायको म्हणून. पलीकडचं आपल्याला अक्षरही ऐकू येत नाही. तो काय म्हणाला असेल ते तिच्या चेहऱ्यावरून आपणच भरत जातो, म्हणजे काम पुन्हा प्रेक्षकाच्या हाती.

इथं कुणीतरी म्हणतंच, मग गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तली, दारुड्या नवऱ्याची सिंधू? ती तर सोशिक, तिच्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या रडल्या. खरं आहे. पण बायकांची कामं करणारे बालगंधर्व ज्या शालू-पैठण्यांसाठी ओळखले जात, त्या प्रेक्षकांनी डोळे भरून बघितलेल्या असायच्या, आणि तेच बालगंधर्व सिंधू होऊन ठिगळाच्या लुगड्यात जात्यावर बसायचे. ठिगळ काहीच बोलत नाही. आधी काय होतं ते प्रेक्षकालाच आठवावं लागतं.

आमच्या नाटकात मी पुढं दोन गोष्टी बदलल्या. एक म्हणजे ओटा. खऱ्या घरात ओटा भिंतीला लागून असतो आणि बाईची पाठ घराकडं. मी ओटा अगदी पुढं, प्रेक्षकांसमोर आणला. नवरा मागं सोफ्यावर. त्याला तिची पाठच दिसते, चेहरा फक्त प्रेक्षकाला. ज्या भिंतीकडं बघत ती आयुष्यभर कांदे चिरते ती भिंत म्हणजे समोरचे लोक.

दुसरी गोष्ट नवऱ्याची. आधी तो आरडाओरडा करायचा, ताट भिरकावायचा. मी ते सगळं काढलं. राक्षस दाखवला की लोक त्याच्यावर चिडतात आणि तिला विसरतात. आता तो मुलांची फी वेळेवर भरतो, सासूला दवाखान्यात नेतो. रविवारी मित्र जेवायला येतात, तांबडा-पांढरा ओरपतात, एकजण म्हणतो, "रस्सा एक नंबर!" नवरा खुशीत सांगतो, "अरे, मटण कुठनं आणलंय ते बघ की." हशा पिकतो. बायकांचा हशा पुरुषांपेक्षा जरा लांबतो. मागं वळून न बघता ती रश्श्याचं पातेलं पुन्हा गॅसवर ठेवते, आणि त्या बायकांचं हसू मध्येच थांबतं. तिला एकही वाक्य नाही तिथं.

केशवराव भोसले नाट्यगृहात हा प्रयोग झाला तेव्हा मी मुद्दाम शेवटच्या रांगेत जाऊन बसले होते. लसणाची साल तिथून दिसत नव्हती, पण ती फुंकर मारायला थांबली की रांगच्या रांग श्वास धरायची. शाहू महाराजांच्या काळातली, १९१५ सालची ती वास्तू ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळाली. जळालेल्या खुर्च्यांचे फोटो बघताना मला सगळ्यात आधी ती शेवटची रांग आठवली.

तिचं पुढं काय झालं हेही लोक विचारतात. त्या पहिल्या रात्री तालीम संपल्यावर तिनं सोललेला लसूण डब्यात भरला, साली कागदात गुंडाळल्या आणि म्हणाली, "बरं झालं, घरी जाऊन अर्धा तास वाचला." साडेअकरा वाजले होते. स्पर्धा संपेपर्यंत ती रोज काही ना काही आणायची, कधी घेवडा, कधी निवडायचे तांदूळ. परवा नव्या नाटकाच्या वाचनाला दुसरीच एक मुलगी आली, तिच्याजवळ मेथीची जुडी होती. ती पिशवी खुर्चीखाली सरकवायला लागली तसं मी तिच्यासमोर ताट ठेवलं.