सुतळीला बांधलेला जांभळा पेन

साहित्य वाटपाच्या दिवशी बाकीचे केंद्राध्यक्ष मतपत्रिकांचे अनुक्रमांक जुळवत बसले होते आणि मी जांभळे स्केचपेन एकेक करून रद्दी कागदावर ओढून पाहत होतो. बाजूचा एक जण हसला, "पोराची चित्रकलेची परीक्षा आहे का?" पण प्रशिक्षणातल्या दोन गोष्टी डोक्यात पक्क्या बसल्या होत्या. मत लिहायचं ते आयोगाने दिलेल्या या जांभळ्या पेनानेच, आणि लिहायचं ते आकड्यात, म्हणजे उमेदवारांपुढे पसंतीचा क्रम एक, दोन, तीन असा. पेन वाळला की केंद्र थांबलं.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका पंचायत समितीत विस्तार अधिकारी. लोकसभा, विधानसभा, झेडपी, ग्रामपंचायत, सगळ्या ड्युट्या करून झाल्यात. पण ३० जानेवारी २०२३ ची अमरावती पदवीधर मतदारसंघाची निवडणूक ही माझी विधान परिषदेची पहिलीच. यंत्र नाही, बटण नाही, बीप नाही. पत्र्याची पेटी आणि २३ उमेदवारांची लांबच लांब मतपत्रिका. एक कबुली इथेच देऊन टाकतो, या निवडणुकीत मी स्वतः मतदार नव्हतो. पदवीधरांची यादी दर वेळी नव्याने होते, जुनं नाव आपोआप पुढे येत नाही, नमुना १८ भरून द्यावा लागतो. माझा भरलेला नमुना पदवीच्या झेरॉक्ससकट गाडीच्या डिक्कीत राहिला तो राहिलाच.

आदल्या रात्री मुक्काम केंद्रावरच. बंदोबस्तावरच्या हवालदारांनी सतरंजी अंथरली आणि विचारलं, "साहेब, आमचं नाव काऊन नाही हो या यादीत?"

"पदवी झाली का तुमची?"

"बारावी."

"मग नाही. पदवी लागते, तीही निदान तीन वर्षं जुनी."

त्यांना हिशेब हवा होता, तो सांगितला. परिषदेत ७८ जागा. ३० जण आमदार निवडतात, २२ जण नगरपालिका-झेडपीवाले, १२ राज्यपाल नेमतात. उरल्या १४. त्यात ७ शिक्षकांच्या, ७ पदवीधरांच्या. त्या सातातली ही एक, अमरावती, अकोला, बुलडाणा, वाशीम आणि आपला यवतमाळ मिळून.

"म्हन्जे एका खुर्चीसाठी पाच जिल्हे जागे!" हवालदार म्हणाले. "अन् तो निवडून आलेला माणूस आपल्या गावात येते का कधी?"

आचारसंहिता असल्याने मी कूस बदलली.

सकाळी आठला मतदान सुरू झालं. थंडी होती, तुरीची मळणी चालू होती, भाव चढेल या आशेवर कापूस लोकांच्या घरात थप्पी लावून पडला होता. तरीही लोक आले. पंचवीस-तीस किलोमीटरवरून, काळीपिवळीत दाटीवाटीने बसून. पदवीधर म्हटलं की शहरातल्यांना काय दिसतं कोण जाणे. आमच्याकडच्या रांगेत बी.ए. झालेला किराणावाला होता, बी.एड. करून शेतात फवारणी करणारा पोरगा होता, एमपीएससीचे चार प्रयत्न झालेले दोघे होते, बँकेचे कॅशियर होते, आणि अर्थातच मास्तर, पुष्कळ मास्तर.

पहिल्या अर्ध्या तासातच आतून आवाज आला, "साहेब, तुमची दोरी खालच्या उमेदवारापर्यंत पुरून नाही राह्यली!"

मी हादरलोच. पेन कुणी खिशात घालून नेऊ नये म्हणून सुतळीने टेबलाला बांधला होता. मतपत्रिका लांब, सुतळी आखूड. पोलिंग एजंट आधी हसले, मग एकाच्या लक्षात आलं की आपला उमेदवार तळाला आहे. तो उठून उभा राहिला. निवडणुकीच्या हँडबुकात सुतळीची लांबी कुठेही दिलेली नाही, हे मी आता खात्रीने सांगू शकतो. दीड हात नवी सुतळी जोडली आणि त्या एजंटाला स्वतः शेवटच्या रकान्यापर्यंत पेन नेऊन दाखवायला लावला, कोऱ्या कागदावर.

दुसरी पंचाईत चिन्हांची. या मतपत्रिकेवर पक्षाचं चिन्ह नसतं. "कमळ कुठी हाय?", "पंजा दिसत नाही जी!" सांगायचं तरी काय? नावं वाचा, फोटो बघा, यापलीकडे तोंड उघडायची सोय नाही.

अकरा वाजता भोंगा झाला. हुतात्मा दिन. दोन मिनिटं रांग, एजंट, आम्ही, सगळे उभे. मतदानकक्षात एक बाई होत्या, त्याही हातातला पेन खाली ठेवून तिथेच ताठ उभ्या राहिल्या. पुठ्ठ्याच्या आडोशावर फक्त त्यांचा अंबाडा दिसत होता.

त्यानंतर आले एका कार्यालयाचे मोठे साहेब. तालुक्यात त्यांच्या सहीशिवाय कागद हलत नाही. आत गेले, झटक्यात बाहेर आले, घडी पेटीत टाकली आणि माझ्याकडे बघून समाधानाने म्हणाले, "झालं. खाली सही करून तारीख टाकली."

माझ्या पोटात गोळा आला. मतदाराची ओळख पटेल अशी कोणतीही खूण मतपत्रिकेवर आली की मत बाद. आणि पेटी तर मध्येच उघडता येत नाही, कुणासाठीच नाही. मी "बरं साहेब" एवढंच म्हणालो. त्यांना सांगायला हवं होतं का, हे अजून ठरवता आलेलं नाही. आयुष्यभर सही केल्यावरच कागद खरा होतो हे शिकलेला माणूस. त्याचा हात आपोआप खाली गेला असणार. नमुना मतपत्रिकेचं पोस्टर दारालाच लावलं होतं, पण त्याकडे बघितलं फक्त शाळेतल्या एका कुत्र्याने.

तेव्हापासून मी घसा खरवडायला सुरुवात केली. प्रत्येकाला सांगत होतो: फक्त आकडा. मराठी चालेल, इंग्रजी चालेल, रोमन चालेल. बरोबरची खूण नको, फुली नको, नाव नको, सही नको. एकचा आकडा एकाच उमेदवारापुढे. पुढचे पसंतीक्रम द्या नाहीतर राहू द्या, पण एक नसेल तर बाकी सगळं वाया.

एवढं करूनही दीडच्या सुमारास एक मुलगी पेटीपाशी थांबली. घडी फटीत अर्धी घातलेली, आणि हात तिथेच.

"सर, टाकायच्या आधी एक विचारू का? मी आकडा नाही लिहिला. अक्षरात लिहिलं."

तिच्या मागची बाई फिसकन हसली. एक एजंट लगेच उठला, "असे उठसूट नवीन कागद वाटाल काय साहेब?" मी हँडबुक उघडलं. नियम आहे. चुकून, अनवधानाने मतपत्रिका खराब झाली आणि केंद्राध्यक्षाची तशी खात्री पटली, तर जुनी परत घेऊन दुसरी देता येते. पेटीत पडायच्या आधी. खात्री कशी पटवून घ्यायची ते मात्र पुस्तकात नाही. मी तिला विचारलं, असं कसं झालं?

"मराठीत एम.ए. आहे सर," ती म्हणाली, आणि स्वतःच ओशाळली. "तुम्ही 'एक लिहा' म्हणाले, तं लिहिलं."

चूक माझीही होतीच म्हणायची. घडी न उघडता कागद घेतला, त्यावर आणि स्थळप्रतीवर 'रद्द' लिहिलं, पाकिटात घातला, दुसरी मतपत्रिका दिली. जाताना कळलं, वेचणीची दिवसाची मजुरी सोडून ती आली होती. त्या दिवशी तिच्यासारखी चूक किती जणांच्या हातून झाली असेल मला माहीत नाही. विचारलं फक्त तिने.

आणि मग गुरुजी. गणिताचे निवृत्त शिक्षक, ऐंशीच्या घरातले, नातवाच्या मोटारसायकलवर आलेले. आत गेले ते बाहेर येईचनात. पाच मिनिटं, सात मिनिटं. रांगेत कुजबुज सुरू झाली. "झोप लागली का बुढ्याले?" मी कक्षाकडे जाऊ शकत नव्हतो, लांबूनच हाक दिली, "गुरुजी, काही अडचण?"

"अडचण नाही. एकोणीसवर आहे."

सगळी खोली गप्प. ते २३ जणांना पसंतीक्रम देत होते. सगळ्यांना. बाहेर आल्यावर मी हळूच म्हटलं, गुरुजी, एकच दिला असता तरी चाललं असतं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं गृहपाठाची अर्धीच उदाहरणं सोडवून आणणाऱ्याकडे पाहत असतील. "प्रश्न तेवीसचा आहे तर उत्तर एकावर कसं सोडायचं? अन् एकही आकडा दोनदा नाही आला, मी ताळा करून पाह्यला."

चारला दार बंद. पेटीला लाख लागली, मेणबत्तीने माझं बोट भाजलं, आणि मतपत्रिकांचा हिशेब एकाने चुकला. पुन्हा मोजलं, पुन्हा एक कमी. शिपायाने टेबलाखाली झाडून काढलं, मतदान अधिकारी क्रमांक दोन रडायच्या बेतात. अर्ध्या तासाने मी उठलो तेव्हा हँडबुकाखालून 'रद्द'चं पाकीट निघालं. मीच त्यावर पुस्तक ठेवून बसलो होतो.

मतमोजणी २ फेब्रुवारीला अमरावतीत सुरू झाली आणि दुसऱ्या दिवसापर्यंत चालली. पहिल्या पसंतीत कुणीच कोटा, म्हणजे जिंकायला लागणारी ठरलेली मतं, गाठला नाही. मग तळाचा उमेदवार बाद करायचा, त्याच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती बघून वाटायच्या, पुन्हा तळाचा बाद, असं एकेक. शेवटी काँग्रेसचे धीरज लिंगाडे यांनी माजी गृहराज्यमंत्री डॉ. रणजित पाटील यांचा पराभव केला. बाद मतांची संख्या हजारांत असल्याच्या बातम्या वाचताना मला साहेबांची ती ऐटदार सही दिसत होती.

हवालदारांचा फोन आला होता निकालाच्या रात्री. "साहेब, त्या बुढ्याचे आकडे कामी आले असतील काय?"

मी म्हटलं, त्यांचा एक नंबरचा माणूस बाद झाला असेल, तर गुरुजींचा कागद रात्रभर एका गठ्ठ्यातून दुसऱ्या गठ्ठ्यात फिरला असणार, दोन, तीन, चार करत. पण त्यांनी पहिली पसंती त्या शेवटच्या दोघांपैकी एकाला दिली असेल, तर बाकीचे बावीस आकडे कुणी वाचलेही नसतील.

"अरे बाप्पा," हवालदार म्हणाले. "हे त्याईले सांगू नका."